अमेरिकेचे ‘लोक काय म्हणतील?’

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पुढील निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी व्हावयाची आहे. त्या देशात एका निवडणुकीची शाई वाळण्यापूर्वीच दुसरीची चर्चा सुरू होते, हे काही नवे नाही. परंतु या खेपेच्या चर्चेला एक निराळेच वळण लागले आहे. डेमोक्रॅटिक पक्षाने २०१६ साली श्रीमती हिलरी क्लिंटन यांना आणि २०२४ साली श्रीमती कमला हॅरिस यांना अध्यक्षपदासाठी उभे केले आणि दोघीही डोनल्ड ट्रम्प यांच्याकडून पराभूत झाल्या. त्यामुळे २०२८ साली कोणकोणत्या स्त्रिया उभ्या राहू शकतील या प्रश्नाच्या आधी, मुळात स्त्रीला उभे करावे की नाही, असा प्रश्न त्या पक्षात विचारला जाऊ लागला आहे. तो उघडपणे थोडा आणि कुजबुजत पुष्कळ विचारला जातो. आमचा स्त्रीला विरोध नाही, परंतु आता एकदाची निवडणूक जिंकू या, मग पुढचे पुढे पाहू, असा त्या कुजबुजीचा सूर आहे.

हा सूर आमच्या वाचकांस अनोळखी वाटू नये. मुलीने शिकावे याला आमची ना नाही, विधवेने पुन्हा लग्न करावे यालाही आमची ना नाही, पण चार लोक काय म्हणतील? या एका वाक्याने महाराष्ट्रातील किती सुधारणा उंबरठ्यावरच अडवून धरल्या, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ते चार लोक कोण, हेही कधी कोणी दाखवून दिले नाही. अमेरिकेतील सुशिक्षित आणि उदारमतवादी मंडळींनी आज नेमके हेच वाक्य जवळ केले आहे. ते त्याला ‘निवडून येण्याची क्षमता’ असे भारदस्त नाव देतात, एवढाच काय तो फरक.

१९३७ साली गॅलप या मतचाचणी संस्थेने अमेरिकन नागरिकांस विचारले होते की, अन्य सर्व दृष्टींनी पात्र असलेली स्त्री अध्यक्षपदाला उभी राहिली तर तिला मत द्याल काय? शंभरातील तेहेतीस जणांनी होकार दिला. २०२० साली त्याच संस्थेने तशाच अर्थाचा प्रश्न विचारला, तेव्हा होकाराचे प्रमाण ९३ टक्के होते. चाचणीतले उत्तर आणि मतपत्रिकेवरची खूण यांत अंतर असते, हे आम्ही जाणतो. प्रश्नकर्त्यासमोर सगळेच सज्जन असतात. पण २०१९ साली झालेल्या दुसऱ्या एका चाचणीने जे उघड केले, ते याहून बोलके आहे. डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक म्हणाले की, स्त्री अध्यक्ष झाली तर आम्हांला त्यात काही वावगे वाटणार नाही. मात्र तुमच्या शेजाऱ्यांना चालेल काय, असे विचारताच होकार एक-तृतीयांशावर घसरला. प्रत्येकाला स्वतःच्या उदारपणाची खात्री आणि शेजाऱ्याच्या कोतेपणाचीही तितकीच खात्री! शेजारीही याच्याविषयी तेच सांगत असतो. अशा रीतीने बहुतेकांना चालणारी गोष्ट कोणालाच चालणार नाही, असा निकाल लागून मोकळा होतो. त्यानंतरच्या प्राथमिक निवडणुकांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या सहा स्त्रिया उतरल्या होत्या. त्यांतील सिनेटर एलिझाबेथ वॉरन या २०१९ च्या ऑक्टोबरात काही मतचाचण्यांत आघाडीवरही होत्या. अखेर पक्षाने सुरक्षित म्हणून निवड केली ती जो बायडन यांची. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तर खुद्द श्रीमती मिशेल ओबामा यांनीच एका जाहीर संवादात, देश अद्याप स्त्रीसाठी तयार नाही, असा अभिप्राय दिला. ज्यांचे नाव दर निवडणुकीत लोक आपण होऊन पुढे करतात आणि ज्या दरवेळी नकार देतात, त्यांच्याच तोंडून हे यावे, याचा आम्हांस खेद वाटतो.

दोन पराभवांवरून काढलेला हा धडा कितपत खरा आहे? १९८४ साली मॉन्डेल हरले, १९८८ साली डुकाकिस हरले, २००० साली गोर हरले, २००४ साली केरी हरले. रिपब्लिकन पक्षाचे डोल, मॅकेन आणि रॉम्नी हेही याच मालिकेतले. यांपैकी एकाच्याही पराभवानंतर, आता काही काळ पुरुषांना उभे करू नये, असा ठराव कोणी मांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुरुष हरला म्हणजे तो उमेदवार हरतो आणि स्त्री हरली म्हणजे स्त्रीजात हरते, असा हा न्याय आहे.

अमेरिकेच्या इतिहासात या चुकीच्या धड्याचे एक उदाहरण आहे आणि आमच्या मते आजच्या चर्चेत त्याची आठवण सर्वाधिक व्हावयास हवी. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल् स्मिथ यांना उमेदवारी दिली. चार वेळा गव्हर्नरपदी निवडून आलेला हा कर्तबगार मनुष्य कॅथलिक होता. हर्बर्ट हूव्हर यांच्यापुढे त्याचा दारुण पराभव झाला. त्याचे स्वतःचे न्यूयॉर्क राज्यही त्याच्या हातून गेले. धर्मद्वेषाने त्या निवडणुकीत थैमान घातले होते, हे खरे. पण देशात त्या वेळी भरभराट होती आणि ती रिपब्लिकन पक्षाच्या खात्यावर जमा होती, हेही खरे होते. शिवाय स्मिथ दारूबंदीच्या विरुद्ध होते आणि ग्रामीण अमेरिकेला ते रुचणारे नव्हते. हे सारे बाजूला पडले आणि राजकारणातील मुत्सद्द्यांनी एकच गोष्ट लक्षात ठेवली: कॅथलिक निवडून येत नाही! त्यानंतर बत्तीस वर्षे दोहोंपैकी एकाही मोठ्या पक्षाने कॅथलिकाला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली नाही. १९६० साली जॉन केनेडी उभे राहिले, तेव्हाही हाच आक्षेप होता. केनेडींनी काय केले? ज्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कॅथलिकांची वस्ती अगदी तुरळक, तेथेच प्राथमिक निवडणूक लढविली आणि १० मे १९६० रोजी ह्यूबर्ट हंफ्री यांस पराभूत केले. पुढे सप्टेंबरात ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत उभे राहून त्यांनी त्यांच्या शंकांना तोंडावर उत्तरे दिली. बत्तीस वर्षे जी भिंत अभेद्य म्हणून सर्वांनी मानली, तिच्यात दरवाजा आहे की नाही हे तोपर्यंत कोणी ढकलून पाहिलेच नव्हते.

आता २०१६ आणि २०२४ चे आकडे पाहू. २०१६ साली श्रीमती क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मते अधिक पडली होती. परंतु अमेरिकेत अध्यक्ष निवडला जातो तो ५३८ जणांच्या निर्वाचक मंडळाकडून, आणि बहुतेक राज्यांत ज्याला एक मत अधिक त्याला त्या राज्यातील सर्व निर्वाचक मिळतात. मिशिगनमध्ये १०,७०४, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि पेनसिल्व्हानियात ४४,२९२ मतांनी त्या मागे पडल्या. तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मते इकडची तिकडे झाली असती, तर आज हा अग्रलेख लिहावयाचे कारण पडले नसते! एवढ्याशा फरकाचे खापर स्त्रीत्वावर फोडावयाचे, तर विस्कॉन्सिनला गृहीत धरून चालणाऱ्या त्यांच्या प्रचारयंत्रणेचे काय? सर्वसाधारण निवडणुकीच्या काळात श्रीमती क्लिंटन त्या राज्यात एकदाही गेल्या नव्हत्या.

२०२४ ची हकीकत वेगळी आहे. बायडन यांनी २१ जुलै रोजी माघार घेतली आणि ५ नोव्हेंबरला मतदान होते. म्हणजे श्रीमती हॅरिस यांना मिळाले ते एकशेसात दिवस, आणि त्याच आकड्याचे नाव त्यांनी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाला दिले. महागाईने गांजलेल्या जनतेपुढे त्या चालू सरकारच्या उपाध्यक्षा म्हणून उभ्या होत्या. तरीही त्यांना सुमारे साडेसात कोटी मते पडली. ट्रम्प यांना ७ कोटी ७३ लाख. फरक दीड टक्क्याचा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ऋषी सुनक यांच्या पक्षाची धूळधाण झाली आणि जपानमध्ये सत्ताधारी पक्षाच्या आघाडीने बहुमत गमावले. आपल्याकडेही सत्तेवरील पक्षाला स्वबळावर बहुमत राखता आले नाही. जगभर मतदार सत्ताधाऱ्यांवर रुष्ट होता. सुनक पुरुष होते म्हणून हरले, असे निदान केल्याचे आम्ही तरी वाचले नाही.

याहून मौजेची गोष्ट मिशिगनच्या मतपत्रिकेत आहे. ज्या दिवशी ज्या मतपत्रिकेवर मिशिगनने हॅरिस यांना नाकारले, त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर त्या राज्याने श्रीमती एलिसा स्लॉटकिन यांना सिनेटवर निवडून दिले. विस्कॉन्सिनने श्रीमती टॅमी बाल्डविन यांना तिसऱ्यांदा निवडले आणि नेव्हाडाने श्रीमती जॅकी रोझन यांना दुसऱ्यांदा. तिन्ही राज्ये ट्रम्प यांच्या बाजूने गेलेली! यावरून उतावळेपणाने मोठा सिद्धान्त बांधण्याचे मात्र कारण नाही. स्लॉटकिन यांना हॅरिस यांच्यापेक्षा किंचित कमीच मते पडली होती. त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्याला ट्रम्प यांच्यापेक्षा एक लाखाहून अधिक मते कमी पडली म्हणून त्या निसटत्या मतांनी विजयी झाल्या. पण यातून जे दिसते ते आमच्या मुद्द्याला पोषकच आहे. ट्रम्प यांच्यासाठी मतदानाला आलेले आणि त्यांचे नाव सोडून बाकीच्या रकान्यांकडे ढुंकूनही न पाहणारे असे मतदार हजारोंनी होते. २०२८ साली घटनेनुसार ट्रम्प उमेदवार असू शकत नाहीत. मग एका विलक्षण माणसाने केलेल्या दोन पराभवांच्या आधारावर, तो मैदानात नसताना होणाऱ्या निवडणुकीचा निर्णय कसा करावयाचा?

स्त्रीद्वेष अस्तित्वातच नाही असे आम्ही म्हणत नाही. तो आहे, आणि विशेषतः सेनापतिपद ज्या पदाला जोडलेले आहे त्या पदाच्या बाबतीत तो अधिक आहे. पेनसिल्व्हानियाने २०२५ अखेरपर्यंत एकाही स्त्रीला गव्हर्नर किंवा सिनेटर म्हणून निवडून दिलेले नव्हते, ही गोष्ट कोणाही प्रचारप्रमुखाची झोप उडवावयास पुरेशी आहे. प्रश्न एवढाच की, द्वेष आहे म्हणून त्याच्याशी लढावयाचे, की त्याला आगाऊ शरण जाऊन त्या शरणागतीला व्यवहारज्ञान म्हणावयाचे?

या विषयावर लिहिताना भारतीय लेखणीला एक मोह अनावर होतो. आमच्याकडे १९६६ सालीच स्त्री पंतप्रधान झाली, असे म्हणून मिशीवर ताव मारण्याचा तो मोह. आम्ही तो आवरतो. श्रीमती इंदिरा गांधी यांची निवड प्रथम झाली ती काँग्रेसच्या संसदीय पक्षात, मोरारजी देसाई यांच्याविरुद्ध ३५५ विरुद्ध १६९ मतांनी. आणि त्या नेहरूंच्या कन्या होत्या. त्यांच्या आधी १९६० साली सिंहलद्वीपात पंतप्रधान झालेल्या श्रीमती सिरिमावो बंडारनायके यांचे पती त्याच पदावर असताना मारले गेले होते. आशियातील स्त्रिया सत्तेवर प्रथम आल्या त्या बहुधा घराच्या दाराने आल्या. आणि आमच्या महाराष्ट्राचे म्हणाल, तर १९६० साली राज्य स्थापन झाल्यापासून २०२५ अखेरपर्यंत येथे एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नव्हती. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्यांनी अमेरिकेला टोमणे मारण्यापूर्वी याची आठवण ठेवलेली बरी.

मात्र संसदीय पद्धतीत स्त्रीला वाव मिळतो आणि अध्यक्षीय पद्धतीत मिळत नाही, असे जे सांगण्यात येते, ते आता टिकणारे नाही. अमेरिकेच्या कुंपणापलीकडेच मेक्सिको आहे. त्या देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९५३ साली, अमेरिकेनंतर तेहेतीस वर्षांनी. पुरुषी अहंतेसाठी तो देश जगात बदनाम. त्या मेक्सिकोत २०२४ च्या जूनमध्ये श्रीमती क्लॉडिया शाइनबाऊम थेट जनतेच्या मतांनी अध्यक्षा झाल्या आणि त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्धीही स्त्रीच होत्या. तेथे पक्षांनी विधिमंडळांसाठी निम्म्या उमेदवार स्त्रियाच दिल्या पाहिजेत, असे बंधन २०१४ साली घटनेतच घालण्यात आले होते. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर स्त्रिया पुष्कळ असल्या की वरच्या पायरीवरची स्त्री नवलाईची राहत नाही, एवढाच त्या यशाचा अर्थ आहे. अमेरिकेतही ती शिडी भरत चालली आहे. २०२६ च्या जानेवारीत तेथील पन्नासांपैकी चौदा राज्यांच्या गव्हर्नर स्त्रिया होत्या आणि हा उच्चांक आहे.

या शिडीच्या पायथ्याशी ज्या स्त्रिया उभ्या राहिल्या, त्यांची नावे आज फारसे कोणी घेत नाही. १८७२ साली व्हिक्टोरिया वुडहल यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी केली, तेव्हा स्त्रियांना मतदानाचा हक्कही नव्हता आणि खुद्द बाईंचे वय घटनेने सांगितलेल्या पस्तीस वर्षांचे झाले नव्हते. मतदानाच्या दिवशी त्या न्यूयॉर्कच्या तुरुंगात होत्या! त्यांना वेडगळ ठरविणे सोपे होते आणि लोकांनी ते केले. पण १९६४ साली रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ज्यांचे नाव रीतसर मांडले गेले, त्या मेन राज्याच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांना वेडगळ म्हणण्याची छाती कोणाला होती? जोसेफ मॅकार्थी यांच्या दहशतीपुढे त्यांच्याच पक्षातील भलेभले पुरुष तोंडे मिटून बसले असता, १ जून १९५० रोजी सिनेटमध्ये उभे राहून सदसद्विवेकाचे भाषण या बाईंनी केले होते. अधिवेशनात त्यांना मते पडली सत्तावीस. त्यानंतर आठ वर्षांनी ब्रुकलिनच्या शर्ली चिशोम डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात १५२ मते घेऊन गेल्या. आपल्याला कृष्णवर्णीय म्हणून जेवढे सोसावे लागले त्याहून स्त्री म्हणून अधिक सोसावे लागले, असे चिशोमबाई सांगत असत. त्यांच्या त्या ‘व्यर्थ’ उमेदवारीत कॅलिफोर्नियातील एक तरुण विद्यार्थिनी कामाला लागली होती. राजकारणावर विश्वास नसल्याने तिने तोवर मतदार म्हणून नावही नोंदविले नव्हते. चिशोमबाईंनी तिला आधी ते नोंदवावयास लावले. त्या विद्यार्थिनीचे नाव बार्बरा ली. पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्या काँग्रेसच्या सभासद होत्या, आणि २००१ साली अध्यक्षाला युद्धाचा मोकळा अधिकार देणाऱ्या ठरावाविरुद्ध दोन्ही सभागृहांत मिळून पडलेले एकमेव मत त्यांचे होते. हरणाऱ्या उमेदवारीचे मोल मोजताना हेही हिशेबात धरावे लागते.

आता २०२८ ची नावे. पहिला मान अर्थातच श्रीमती हॅरिस यांचा. २०२५ च्या जुलैत त्यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे न राहण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबरात बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत आपले सार्वजनिक जीवन संपलेले नाही असे सुचविले. यातून काय समजावयाचे ते सर्वांनी समजून घेतले आहे. त्यांच्या मातोश्री श्यामला गोपालन मद्रासकडच्या, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी एक घरगुती जिव्हाळा आहे. तुलसेंद्रपुरम् या त्यांच्या मूळ गावी देवळात पूजा झाल्या आणि मिठाई वाटली गेली. या जिव्हाळ्याचा अमेरिकन राजकारणाशी काडीचाही संबंध नाही. एकदा हरलेल्याला पुन्हा संधी देऊ नये, हे आम्हांस मान्य नाही. रिचर्ड निक्सन १९६० साली अध्यक्षपदाची आणि १९६२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले होते, तरी १९६८ साली ते अध्यक्ष झाले. पण निक्सन यांना उमेदवारी प्राथमिक निवडणुका जिंकून मिळवावी लागली. हॅरिस यांनी तशी एकही लढत आजवर जिंकलेली नाही. २०१९ साली मतदान सुरू होण्यापूर्वीच त्या बाहेर पडल्या आणि २०२४ साली उमेदवारी परिस्थितीने त्यांच्या पदरात टाकली. ती उणीव त्यांना प्रथम भरून काढावी लागेल.

श्रीमती अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ यांचे नाव तरुणांच्या तोंडी आहे. २०१८ साली, हॉटेलात मद्य व जेवण वाढण्याचे काम केलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या या मुलीने पक्षातील एका मातब्बर पुढाऱ्याला प्राथमिक निवडणुकीत पाडले. २०२५ साली बर्नी सँडर्स यांच्यासह त्यांनी जो दौरा काढला, त्यात डेन्व्हरच्या सभेला तीस हजारांवर लोक जमले होते. धनिकांच्या सत्तेविरुद्ध त्या जे बोलतात ते अमेरिकेला ऐकविले जाणे अवश्य आहे. परंतु प्रतिनिधिगृहातून थेट अध्यक्षपदावर गेलेला शेवटचा मनुष्य जेम्स गारफिल्ड, आणि ते साल होते १८८०. मतदानाच्या दिवशी बाईंचे वय एकोणचाळीस असेल. त्यांना थांबावयाला वेळ आहे. मात्र त्यांनी थांबावेच असे आम्ही म्हणणार नाही. तोच तर या लेखाचा रोग ठरेल!

आम्हांस विचाराल तर (आणि मिशिगनमधील कोणी आम्हांस विचारणार नाही, हे आम्ही जाणतो) आम्ही ग्रेचेन व्हिटमर यांच्या नावापुढे खूण करू. ज्या मिशिगनमध्ये क्लिंटन आणि हॅरिस दोघी हरल्या, तेथे त्या २०१८ आणि २०२२ साली गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. दुसऱ्या वेळी तर दहा टक्क्यांहून अधिक मतांनी. पहिल्या निवडणुकीत त्यांची मुख्य घोषणा काय होती? हे मेले रस्ते एकदाचे दुरुस्त करा! मुंबईच्या वाचकांस या घोषणेचे सामर्थ्य समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या बाईला खड्ड्यांवर निवडणूक जिंकता येते, तिला मतदाराची नाडी कळते. २०२० साली काही सशस्त्र माथेफिरूंनी त्यांना पळवून नेण्याचा कट केला होता आणि केंद्रीय पोलिसांनी तो उधळून लावला. त्यानंतरही त्या आपल्या जागी ठाम राहिल्या. त्यांचा एक प्रसंग मात्र आम्हांस मुळीच रुचलेला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या कामासाठी त्या व्हाइट हाऊसमध्ये गेल्या असता ध्यानीमनी नसताना ट्रम्प यांच्या कचेरीत छायाचित्रकारांसमोर सापडल्या आणि त्यांनी हातातील फायलींनी आपले तोंड झाकून घेतले. आपल्या प्रजेचे काम घेऊन गेलेल्या गव्हर्नराने तोंड झाकावयाचे कारण काय? ताठ मानेने उभे राहिल्या असत्या, तर त्याच छायाचित्राने त्यांचे काम केले असते. त्यांची गव्हर्नरपदाची मुदत १ जानेवारी २०२७ रोजी संपते, म्हणजे पुढची वाट त्यांना मोकळी आहे. त्यांच्याच राज्याच्या सिनेटर स्लॉटकिन यांनी गुप्तहेर खात्याच्या नोकरीत इराकमध्ये तीन वेळा काम केले आहे. सेनापतिपद स्त्रीला पेलेल काय, असे विचारणाऱ्याला त्यांच्याकडे उत्तर तयार आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियात श्रीमती अॅबिगेल स्पॅनबर्गर आणि न्यू जर्सीत श्रीमती मिकी शेरिल भरघोस मतांनी गव्हर्नर झाल्या. एक माजी गुप्तचर अधिकारी, दुसरी नौदलाची हेलिकॉप्टरचालक. व्हर्जिनियात दोन्ही पक्षांच्या उमेदवार स्त्रियाच होत्या, त्यामुळे ‘स्त्री निवडून येईल काय’ हा प्रश्न त्या राज्यात कोणाला सुचलाच नाही. दोघी नव्या आहेत असे म्हणावे, तर न्यू जर्सीचेच वुड्रो विल्सन १९१० साली गव्हर्नर आणि १९१२ साली अध्यक्ष म्हणून निवडून आले होते.

रिपब्लिकन पक्षाकडे नावे थोडी आहेत. श्रीमती निकी हेली यांनी २०२४ साली राजधानी वॉशिंग्टन आणि व्हरमाँट येथे ट्रम्प यांस हरविले. त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत विजय मिळविणारी पहिली स्त्री हा मान या पंजाबी शीख दांपत्याच्या कन्येकडे जातो. मात्र ज्या दक्षिण कॅरोलायनाच्या त्या सहा वर्षे गव्हर्नर होत्या, तेथेच त्यांचा मोठा पराभव झाला. त्यांचा पक्ष आता त्यांचा राहिलेला नाही, असेच म्हणावे लागते. आर्कान्साच्या गव्हर्नर सारा हकबी सँडर्स ट्रम्प यांच्या विश्वासातल्या आहेत. पण उपाध्यक्ष व्हान्स रांगेत पुढे उभे असताना त्यांना जागा कोण देणार? अमेरिकेची पहिली अध्यक्षा ब्रिटनच्या थॅचरबाईंसारखी उजव्या बाजूनेच येईल, असे भाकीत पुष्कळ वर्षे केले जात आहे. आम्हांस तशी चिन्हे दिसत नाहीत.

राहता राहिला प्रश्न पक्षाने काय करावे हा. २०२६ च्या नोव्हेंबरातील काँग्रेसच्या निवडणुका आटोपताच उमेदवारीच्या घोषणा सुरू होतील आणि देणगीदारांच्या दिवाणखान्यांत कोणाला पैसा द्यावयाचा याचा खल होईल. मतदार आपला कौल देण्यापूर्वी वर्षभर आधीच बहुतेक उमेदवारांचा निकाल या दिवाणखान्यांत लागलेला असतो, आणि कुजबूज सर्वांत अधिक ऐकू येते ती तेथेच. डेमोक्रॅटिक पक्षाला व्हिटमर, हॅरिस किंवा स्लॉटकिन नको असतील, तर त्यांना मिशिगनच्या आणि पेनसिल्व्हानियाच्या मतदारांनी नाकारावे. शेजाऱ्याच्या नावावर त्यांचे दार परस्पर बंद करू नये. पेनसिल्व्हानियात तर प्राथमिक निवडणूक लढविण्याचे धाडस एखाद्या स्त्रीने मुद्दाम करावे, असे आम्हांस वाटते. १९६० च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांपुढे केनेडी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या सल्लागारांनाही विजयाची खात्री नव्हती.